ल कुठाय?

डोळ्यांच्या दवाखान्यात पेंटरचा नंबर अकरावा होता आणि त्याला मिळालेली खुर्ची नेमकी टीव्हीसमोर होती. डोळ्यांत औषधाचे थेंब घातल्यामुळे सगळं पुसट दिसत होतं. तरीही जाहिरात लागली तेव्हा पडद्यावरचा माणूस कोण हे ओळखायला त्याला डोळ्यांची गरज पडली नाही. चष्म्याला बांधलेला दोरा, दातांत धरलेली जीभ, रंगाचा हात विजारीच्या मागच्या खिशालाच पुसायची खोड. आणि हात हलू नये म्हणून बोर्डावर आडवी टेकवलेली, टोकाला चिंधी गुंडाळलेली काठी. ही काठी तर त्याच्याच घरात दारामागे उभी असायची. गेल्या महिन्यात भाचा "दोन दिवसांसाठी दे" म्हणून घेऊन गेला होता, ती अजून परत आलेली नव्हती.

जाहिरातीतला पेंटर जाडा होता आणि हा काटकुळा, एवढाच काय तो फरक. जाडा शिडीवर चढून रस्त्याकडेचा बोर्ड रंगवत होता. 'पुढे शाळा आहे. वाहने सावकाश चा' इथपर्यंत आल्यावर त्याने जबडा फाटेस्तोवर जांभई दिली, मान खाजवली, पुढे 'वा' लिहिलं आणि खाली उतरला. वाहने सावकाश चावा. एक स्कूटरवाला थांबला. त्याने बोर्ड दोनदा वाचला, खांदे उडवले आणि स्कूटरचं हँडल चावायला लागला. मागून बस आली. ड्रायव्हरने स्टिअरिंग धरलं दातांत, कंडक्टरने दाराचा दांडा. एका आजीबाईंनी कवळी काढून पदराला पुसली, परत बसवली आणि सायकलच्या सीटला तोंड लावलं. शेवटी वाहतूक पोलीस शिट्टी फुंकत आला आणि सगळ्यांवर खेकसला, "सावकाश! बोर्ड वाचता येत नाही का?" मग पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी, इस्त्री केल्यासारखी अक्षरं उमटली: 'ल कुठाय? अक्षरं आमच्यावर सोपवा.' खाली फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचं नाव.

सगळी खोली हसली. औषध घातलेल्या डोळ्यांनी हसू नये म्हणतात, पण हसली. शेजारची बाई तर पोट धरून हसली आणि पेंटरला कोपराने ढोसून म्हणाली, "आजी बघितली का हो, कवळी पुसते ती!" जाहिरात वाईट नव्हती. वाईट असती तर पेंटरला बरं वाटलं असतं.

थेंबांचा अंमल ओसरल्यावर कंपाउंडरने त्याला आत तक्त्यासमोर बसवलं. "वाचा आजोबा."

"क. म. ट. ग." पेंटर थांबला. "पुढचं काढलंय ल म्हणून, पण तो ल नाही."

"म्हणजे? दिसत नाही का?"

"दिसतोय म्हणून तर सांगतो. ह्याला उजव्या बाजूला काठी दिलीय उभी. आपल्या ल ला काठी नसते, दोन पाकळ्या असतात आणि वर छोटी मान. पाकळीचा ल. हा काठीचा आहे."

कंपाउंडरने तक्त्याकडे पाहिलं, पेंटरकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. "म्हणजे आजोबा, ल कुठाय?" स्वतःच्या विनोदावर तो इतका खूष झाला की आत डॉक्टरांना सांगायला गेला.

पुढचा आठवडाभर हेच चाललं. दुकानात साखर कमी भरली तर गिऱ्हाईक विचारायचं, ल कुठाय? बस चुकली, ल कुठाय? शेजारच्या घरातलं भांडणसुद्धा एके सकाळी ह्याच प्रश्नावर येऊन हसण्यात संपलं. पेंटर गल्लीतून खाली मान घालून जायचा. कोणी त्याला ओळखलं नव्हतं, हे खरं. त्याला ओळखणारे लोक राहिलेच किती होते? छापील फलक आले तेव्हापासून त्याचं काम हळूहळू बंद पडलं. चाळीस वर्षांत त्याने लिहिलेले बोर्ड एकेक करून उतरले, भंगारात गेले, काहींची तर खुराड्यांना छपरं झाली. त्याच्या हाताची अक्षरं आता फक्त एका जागी शिल्लक होती, ती म्हणजे त्याच्या उशाशी असलेली वही.

ही वहीसुद्धा भाच्यामुळेच जन्माला आली होती. तीन वर्षांपूर्वी भाचा म्हणाला होता, "मामा, तू प्रत्येक अक्षर एकेका पानावर काढ. जोडाक्षरं पण. आम्ही ती कॉम्प्युटरवर घेऊ, फॉन्ट करू. तू गेलास तरी लोक तुझ्या हाताने लिहितील." तू गेलास तरी, असं तोंडावर म्हणाला, पण पेंटरला त्याचं काही वाटलं नाही. तो दुसऱ्या दिवशीच जाड कागदाची वही घेऊन आला. हात थरथरायला लागला होता. एकेका अक्षराला दहा-दहा पानं वाया जायची, मग एक पान मनासारखं उतरायचं, ते वहीत लावायचं. सगळ्यात जास्त पानं खाल्ली ल ने. मागच्याच आठवड्यात वही पुरी झाली होती. ती भाच्याच्या हातात द्यायची आणि मग मोतीबिंदू काय, आणखी काय व्हायचं ते होऊ दे, असं तो बहिणीला म्हणाला होता.

बहीण त्याच्याहून चार वर्षांनी लहान. नवरा गेल्यावर कडेवरच्या पोराला घेऊन ती भावाच्या दोन खोल्यांत आली ती तिथलीच झाली. पेंटरने लग्न केलं नाही. का केलं नाही हे त्याला कोणी विचारलं तर म्हणायचा, शिडीवर दोघांना जागा नसते. भाचा त्याच्याच खांद्यावर वाढला, त्याच्याच खडूने पाटीवर गिरवायला शिकला. पुढे शिकून जाहिरातीच्या कंपनीत लागला, मोठं घर घेतलं, पण दर रविवारी यायचा. माणूस वाईट नव्हता तो. वाईट असता तर ही गोष्ट दोन ओळींत संपली असती.

त्या रविवारी तो आला तो काचेचं बक्षीस घेऊनच. चपला काढायच्या आधीच त्याने ते टेबलावर ठेवलं.

"मामा, पाहिलीस की नाही? वर्षातली सगळ्यात विनोदी जाहिरात! पहिला नंबर!"

"पाहिली," पेंटर म्हणाला. "दवाखान्यात."

"मग? लोक हसले?"

"हसले की. खूप हसले."

"तुझ्यावरच तर केलीय!" भाचा त्याच्या शेजारी पलंगावर येऊन बसला. "म्हणजे तुझ्यावरून रे. प्रेमाने. तो चष्म्याचा दोरा, ती जीभ. नटाला मी स्वतः करून दाखवलं सगळं. आई, तू पाहिलीस ना?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"हंसपद कुठे गेलं?" पेंटरने विचारलं.

"काय?"

"'चा' आणि 'वा' च्या मध्ये. खाली हंसपद होतं आणि वर बारीक ल. शाळेत जाताना रोज त्याच्याखालून जायचास तू. हे काय आहे मामा, म्हणून तूच विचारलं होतंस मला. मी सांगितलं होतं, अक्षर राहून गेलं की तिथे हंसाचं पाऊल काढायचं आणि राहिलेलं वर लिहायचं."

"हां, ते!" भाचा हसला. "आठवतं की. पण मामा, ते ठेवलं असतं तर विनोदच गेला असता. दुरुस्त केलेल्या चुकीला कोण हसणार?"

"आणि जांभई?"

"ती नटाने स्वतःच्या मनाने घातली. काय जमलीय ना?"

"मी जांभई दिली नव्हती."

"अरे, तो तू थोडाच आहेस!"

"काठी तर माझी आहे," पेंटर म्हणाला. "ती कधी आणतोस?"

भाच्याला आता कुठे काहीतरी खुपलं. पण माणसाला चांगली बातमी सांगायची घाई असली की दुसऱ्याचा चेहरा वाचायला वेळ नसतो. त्याने पिशवीतून छापील कागद काढले. "ते सोड, खरी बातमी ऐक. कंपनीला तुझी अक्षरं हवीत. मी शब्द दिलाय त्यांना. तुझा फॉन्ट येतोय मामा! वही झाली ना?"

पेंटरच्या छातीत धडधडायला लागलं. इतका राग येऊनही धडधडायला लागलं, ह्याची त्याला लाज वाटली. "झालीय," तो म्हणाला. "नाव काय देणार?"

"चावा."

"काय?"

"फॉन्टचं नाव, 'चावा'. जाहिरातीमुळे सगळ्यांच्या तोंडी आहेच. आपला विनोदी फॉन्ट असेल. वाढदिवसाची कार्डं, चेष्टेची पत्रं, असल्या कामांना. लोकांना हल्ली ही जुनी, वेडीवाकडी अक्षरं फार आवडतात."

"वेडीवाकडी?" पेंटर म्हणाला. "कुठलं अक्षर वेडंवाकडं आहे, दाखव मला."

"तसं नाही रे मामा. गोड अर्थाने म्हणतोय मी."

तेव्हा बहीण आत गेली. लोखंडी पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि पेंटरने ओळखलं. "राहू दे ग," त्याने हाक मारली. "उगाच नको काढूस."

पण ती घेऊनच आली. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं, पिवळं पडलेलं अर्धं प्लास्टर. लहान मुलाच्या कोपराचं. त्यावर लाल रंगात, तळहाताएवढा, पाकळीचा ल.

"ओळखतोस का?" तिने मुलाला विचारलं.

"माझं प्लास्टर! मामाने काढला होता ह्याच्यावर. ल लाडोबाचा." त्याने ते दोन्ही हातांत घेतलं. "तू ठेवलंयस हे?"

"मी ठेवलंय. आता बस आणि ऐक. तू शाळेच्या भिंतीवरून पडलास तेव्हा हा समोरच्या रस्त्यावर शिडीवर होता. तोच बोर्ड रंगवत होता. 'चा' पर्यंत झालं होतं. शिपाई ओरडत आला तसा ब्रश डब्यात टाकला आणि धावला. तुला उचलून दवाखान्यापर्यंत पळत गेला, वाहन मिळेना म्हणून. तीन दिवस, तीन रात्री तुझ्या खाटेजवळ बसला. मला घरी झोपायला पाठवायचा. हाड बसवल्यावर तू रडून रडून निळा पडायचास. चौथ्या दिवशी सकाळी ह्याने रंगाची बाटली आणली आणि प्लास्टरवर हे काढलं, तेव्हा कुठे तू गप्प झालास. तिथून हा तसाच शिडीवर गेला. न झोपता. खडूने आखलेलं दवाने पुसून गेलं होतं. समोर 'चा' दिसत होता, आणि तासाभरापूर्वीच ह्याच्या हाताने ल काढला होता. हाताला वाटलं, ल झाला. म्हणून 'वा' लिहून खाली उतरला."

पेंटर खिडकीबाहेर बघत होता. बहिणीखेरीज त्याने हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी दूधवाल्याने "पेंटर, गाडी आत्ता चावू का जेवण झाल्यावर?" म्हणून विचारलं तेव्हा त्याला चूक कळली होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने हंसपद काढून ल वर चढवला. सगळा बोर्ड पुसून नव्याने लिही, कोणाला कळणारही नाही, असं लोक म्हणाले. तो म्हणाला, चूक मी केली ती दिसली, आता दुरुस्तीही दिसू दे. अकरा वर्षं तो बोर्ड तिथे उभा होता. येणारे-जाणारे हंसपद बघून हसायचे, पण सावकाश चालवायचे.

"आणि तू दाखवलंस काय?" बहिणीचा आवाज चिरकला. "जांभई!"

भाचा प्लास्टर मांडीवर घेऊन बसला होता. त्याची मान खाली गेली. त्याच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं, अगदी खरं पाणी. त्याने बोटाने तो लाल ल चाचपला. "मामा," तो म्हणाला, "मला काहीच माहीत नव्हतं रे. तू कधी बोलला का नाहीस?"

पेंटरचा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला. त्याने भाच्याच्या पाठीवर हात ठेवला. सहा वर्षांचा होता तेव्हा रडताना जशी पाठ हलायची तशीच आताही हलत होती. जाऊ दे, म्हणायला त्याने तोंड उघडलं.

भाच्याने डोळे पुसले, नाक ओढलं आणि मान वर केली. "आई, जरा उजेडात धर हे," तो म्हणाला.

"काय?"

"खिडकीपाशी धर. असं. ल समोर दिसू दे." त्याने फोन काढून एक फोटो घेतला, मग वाकून जवळून दुसरा. "मामा, बाप रे. तुला कळतंय का हे काय आहे? ही पुढची जाहिरात आहे! आधी सगळे हसले. आता सगळ्यांना रडवू. 'ल कुठाय?' आणि मग कॅमेरा हळूच प्लास्टरवर. तिथे आहे ल! अंगावर काटा आला बघ माझ्या." खरंच त्याच्या हातावर काटा आला होता. "हे मी घेऊन जातो. शूटिंगला लागेल."

पाठीवरचा हात पेंटरने काढून घेतला. बहीण मुलाकडे बघत राहिली आणि मग तिने रिकामा साडीचा तुकडा घडी घालायला घेतला. त्याच्या चार घड्या झाल्या तरी ती घालतच होती.

"वही आणतो," पेंटर म्हणाला आणि आत गेला.

उशाजवळची वही त्याने उघडली. पानं दोऱ्याने बांधलेली होती. त्याने गाठ सोडली, ल चं पान काढलं, गाठ परत बांधली. पान दुमडून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. तो काही सूड घेत नव्हता. त्याच्या मनात एवढंच होतं, की ह्याने वही चाळताना थांबावं. र नंतर थांबावं आणि म्हणावं, मामा, एक राहिलंय. एवढं म्हणाला तर हे पान त्याच्या हातात द्यायचं, सही करायची, नाव चावा ठेव नाहीतर गिळा ठेव. ज्याने राज्यभर एका ल वरून हसवलं, त्याला तेवढं तर दिसायलाच हवं.

बाहेर येऊन त्याने वही भाच्यासमोर ठेवली. "नीट बघून घे. एकेक पान बघ. काही राहिलं असेल तर आत्ताच सांग."

"तुझं कधी काही राहतं का?" भाचा म्हणाला आणि लगेच स्वतःच ओशाळून हसला. त्याने चाळायला सुरुवात केली. क पाशी थांबला, वा म्हणाला. झ ची पाठ त्याने बोटाने गिरवली. मनापासून बघत होता, त्यात खोट नव्हती. फोन मध्येच थरथरला. फोटो आधीच कोणाला तरी पाठवले होते आणि त्यांची उत्तरं येत होती. एक डोळा तिकडे आणि एक इकडे, असं तो य पर्यंत आला.

"य," तो म्हणाला. "र. काय र आलाय मामा! व. श, देठाचा श! हा कोणाकडेच नाही आता."

पेंटर उभाच होता. त्याने खिशावर हात ठेवला. "नीट बघितलंस ना?"

"बघितलं की! सगळी आहेत. एक नंबर." त्याने वही मिटली, कागद पुढे सरकवले. "इथे सही. आणि इथे."

पेंटरने दोन्हीकडे सही केली. वही देईन असा भाच्याला शब्द दिला होता, आणि तो मागे घेणारा माणूस पेंटर नव्हता. भाच्याने वाकून त्याला नमस्कार केला, आईच्या गालाला गाल लावला, वही एका काखेत आणि प्लास्टर दुसऱ्या काखेत धरून तो जिना उतरला. काचेचं बक्षीस टेबलावरच राहिलं. खालून त्याचा आवाज वर येत होता, फोनवर कोणाला तरी सांगत होता: "अख्खा संच मिळाला! हो हो, स्वतः तपासला!"

बहीण खिडकीतून गाडी वळेपर्यंत बघत राहिली. मग वळली तेव्हा तिला भावाच्या खिशातून डोकावणारा जाड कागद दिसला. तिने तो ओढून काढला, उलगडला आणि खालीच बसली.

"दादा! अरे हे पान राहिलं. हाक मार त्याला, अजून कोपऱ्यावर असेल."

"राहिलं नाही, ठेवलंय. त्याचा ल तो घेऊन गेला. हा माझा."

"आणि कंपनीत विचारलं त्याला तर? इतक्या लोकांसमोर विचारतील, ल कुठाय म्हणून!"

"विचारतील," पेंटर म्हणाला. त्याने तिच्या हातातलं पान घेतलं आणि परत दुमडलं. "मग हसतील. दुसरं काय."